खोटा मासा, खरी खाडी : भिवंडीचा जिताडा आणि गळाचा इतिहास

१/
भिवंडी हे नाव ऐकताच यंत्रमागांचा खडखडाट आणि गोदामांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. परंतु या गावाची जुनी ओळख बंदराची आहे. कामवारी नदी भिवंडीजवळून वाहत खाडीला मिळते. ही खाडी उल्हास नदीच्या पात्राशी एकरूप होऊन वसईजवळ अरबी समुद्राला भेटते. या मचूळ पाण्याचा राजा म्हणजे जिताडा. त्याला पकडण्यासाठी आज मुंबई-ठाण्याच्या खाड्यांवर येणारे हौशी लोक मऊ प्लॅस्टिकचा, शेपटी हलवणारा खोटा मासा पाण्यात सोडतात. इंग्रजीत त्याला ‘स्विमबेट’ म्हणतात. हा खोटा मासा कुठून आला, आणि त्याला खेचणाऱ्या दोरीचे भिवंडीच्या मागांशी काय नाते आहे, हा या धाग्याचा विषय.

२/
प्रथम नावाचा घोळ मिटवणे आवश्यक आहे. अमेरिकेत ज्या ‘बास’साठी स्विमबेट घडले, तो ‘लार्जमाउथ बास’ उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला. जिताडा त्याचा सख्खा नातेवाईक नव्हे. इंग्रजीत जिताड्याला ‘एशियन सी बास’ म्हणतात, म्हणून दोघे एका घरचे वाटतात इतकेच. शास्त्रीय नाव ‘लेटिस कॅल्करिफर’. ते १७९० साली जर्मन अभ्यासक ब्लॉख याने केलेल्या वर्णनातून आले. बंगालात हाच मासा ‘भेटकी’, तर ऑस्ट्रेलियात ‘बारामुंडी’. मात्र दोन्ही ‘बास’ एका बाबतीत सारखे आहेत: दोघेही आडोशाला दबा धरून बसतात आणि समोरून जाणारा लहान मासा एका घोटात ओढून घेतात. खोट्या माशाचे सारे शास्त्र या एका सवयीवर उभे आहे.

३/
जिताड्याचे आयुष्य खाडीच्या दोन टोकांमध्ये विभागलेले असते. अंडी घालण्यासाठी त्याला खाडीच्या मुखाजवळचे खारे पाणी लागते. पिल्ले मात्र भरतीबरोबर आत शिरून खाजणांत, तिवरांच्या मुळांत आणि पावसाळ्यात तुडुंब भरलेल्या खाचरांत वाढतात. पेण-अलिबाग भागात खारजमिनीच्या तळ्यांत जिताडा पाळण्याची रीत आजही दिसते, ती याच स्वभावामुळे शक्य झाली. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: जिताडा प्रथम नर म्हणून प्रौढ होतो आणि काही वर्षांनी, आकार वाढल्यावर, मादी बनतो. म्हणजे खाडीतले सर्वांत मोठे जिताडे बहुधा माद्या असतात. या तपशिलाकडे शेवटी परत यावे लागेल.

४/
इतिहासप्रेमी वाचकांना या खाडीचा एक प्रसंग ठाऊक असतोच. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि त्यानंतर याच खाडीच्या परिसरात स्वराज्याच्या आरमाराच्या बांधणीला आरंभ झाला. पुढे वसईच्या मोहिमेत (१७३७-३९) पुढाकार घेणारे गंगाजी नाईक ज्या अंजूरचे, ते गावही भिवंडी तालुक्यातले. जहाजे बांधायची तर लाकूड हवे, तसेच पाणी ओळखणारी माणसेही हवीत. ती माणसे, म्हणजे कोळी, आगरी, भंडारी, याच किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासे पकडत होती. आरमाराच्या कथेत त्यांचा उल्लेख एका ओळीत उरकतो. त्यांनी खाडी वाचली कशी, हे क्वचितच सांगितले जाते.

५/
त्या वाचनाचा एक नमुना पाहा. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे साधारण सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास. त्या दिवसांत उधाण असते, पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी मंद. खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते, म्हणून भिवंडीच्या बाजूला या हिशेबात थोडी भर घालावी लागते. घड्याळ आणि छापील तक्ता नसताना पंचांगावरून चालणारे हे गणित आजच्या गळवाल्यालाही तितकेच उपयोगी आहे, कारण जिताडा तोंड उघडतो ते वाहत्या पाण्यात.

६/
खाडीतली परंपरागत साधने दोन प्रकारची. एक जाळ्यांचा: हाताने फेकायचा पाग, प्रवाहात खांबांना बांधलेली डोल, तिचे धाकटे रूप असलेली बोक्षी. दुसरा प्रकार गळाचा, म्हणजे गरीचा. गरवणे म्हणजे काठीला वा नुसत्या दोरीला गरी बांधून वाट पाहणे. जिताड्यासाठी आमिष बहुधा जिवंत असे: कोळंबी किंवा लहान बोय. येथे एक तत्त्व स्पष्ट आहे. माशाला त्याचे खरे अन्न द्यायचे आणि त्यात गरी लपवायची. फसवणूक आहे, पण अन्न खरे आहे. अन्नच खोटे असावे ही कल्पना वेगळी, आणि तिचा प्रवास लांबचा आहे.

७/
भारतातील गळाच्या इतिहासात एका ग्रंथाला पर्याय नाही: ‘मानसोल्लास’. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला हा संस्कृत ग्रंथ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे एकूण शंभर अध्याय. राज्यकारभार, वैद्यक, स्वयंपाक, संगीत, हत्ती, घोडे असे राजजीवनाशी संबंधित जवळपास सर्व काही त्यात आहे. महाराष्ट्रात स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, ही नोंदही याच ग्रंथातली, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. त्यातच ‘मत्स्यविनोद’ नावाचा अध्याय आहे: गळाने मासे पकडण्याच्या राजक्रीडेचा.

८/
येथे एक सापळा आहे आणि अनेकजण त्यात पाय टाकतात. सोमेश्वराचे घराणे ‘कल्याणीचे चालुक्य’ म्हणून ओळखले जाते. हे कल्याणी म्हणजे भिवंडीच्या शेजारचे कल्याण नव्हे. ते आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. बाराव्या शतकात ठाणे-भिवंडीचा प्रदेश उत्तर कोकणच्या शिलाहारांकडे होता. भिवंडी तालुक्यातील लोनाडचे शिलाहारकालीन मंदिर त्या काळाची साक्ष देते. तेव्हा ‘मत्स्यविनोद’ भिवंडीच्या खाडीकाठी लिहिला गेला, असे कोणी सांगत असेल तर ते नावाच्या साम्यातून उपजलेले चुकीचे विधान समजावे.

९/
‘मत्स्यविनोद’ अध्यायात सुमारे ३५ जातींच्या माशांची नावे येतात. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवले असलेले, खवले नसलेले, मोठे आणि लहान, असे त्यांचे वर्गीकरण केलेले आहे. कोणत्या जातीला कोणते खाद्य घालून ठरावीक जागी येण्याची सवय लावावी, हे सांगितले आहे. काठी, दोर, बडिश (म्हणजे गळ) आणि आमिष यांची चर्चा आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या अध्यायाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. होरा स्वतः माशांचे तज्ज्ञ आणि ‘झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया’चे संचालक होते. गळ ही युरोपियांनी आणलेली करमणूक, हा समज या अध्यायापुढे टिकत नाही.

१०/
परंतु सोमेश्वराच्या पद्धतीचा गाभा नीट पाहावा. राजा माशांना आधी पोसतो, रोज खाऊ घालतो, आणि मग त्याच खाद्यात गळ ठेवतो. तेथे वेळ आहे, नोकर आहेत, राखीव पाणी आहे. खाडीतल्या गरीत आणि राजाच्या बडिशात तत्त्वाचा फरक नाही. दोन्हीकडे आमिष हे खरे अन्न आहे. फरक इतकाच की राजा माशाला आपल्याकडे बोलावतो, आणि कोळी भरतीचा हिशेब करून माशाकडे जातो.

११/
खोट्या अन्नाची एक अतिशय जुनी नोंद युरोपात सापडते. इ. स. २०० च्या सुमारास रोमन लेखक एलियन याने मॅसिडोनियातील एका रीतीचे वर्णन केले: तेथील लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळतात, त्यावर कोंबड्याची पिसे बांधतात आणि नदीवर उडणाऱ्या माशीचा आभास निर्माण करतात. मासा पिसांवर झडप घालतो. या नोंदीत एक गोष्ट विशेष आहे. पहिल्या ज्ञात खोट्या आमिषांपैकी एक असलेले हे आमिष सुताच्या कारागिरीने बनले होते. लोकर कातणारे, धागा गुंडाळणारे हात आणि मासे पकडणारे हात एकमेकांपासून कधीच फार दूर नव्हते. ही गोष्ट पुढे दोनदा परत येते.

१२/
आता १८७३ साली या. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक त्या वर्षी प्रसिद्ध झाले. इंग्रज अधिकाऱ्यांना घरच्या सॅमन माशाची आठवण येई. भारतात त्याच्या तोडीचा लढवय्या मासा म्हणजे महसीर, असे थॉमसचे म्हणणे. त्याचे पुस्तक वाचताना आजच्या गळवाल्याच्या तक्रारी ऐकू आल्यासारखे वाटते. इंग्लंडहून मागवलेली साधने भारतीय माशांपुढे तोकडी पडतात. महसीर जबड्याने नाजूक गळ चेपून टाकतो. म्हणून जाड गळ, मजबूत दोरी, टिकाऊ कड्या हव्यात. साधन जिथे घडते तिथले पाणी त्यात उतरते. दुसऱ्या पाण्यात त्याला नव्याने घडवावे लागते.

१३/
महसीरसाठी इंग्रजांचे एक आवडते हत्यार होते ‘स्पून’, म्हणजे धातूची वाटोळी पाती. पाण्यात ओढली की ती डुगडुगते, चमकते आणि जखमी माशाचा भास होतो. अमेरिकेतील ज्युलिओ ब्युएल याने १८५२ साली त्याचे पेटंट घेतले. होडीत जेवताना त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला आणि मोठ्या माशाने तो खाली जाता जाता पकडला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, तत्त्व महत्त्वाचे आहे: माशाला हुबेहूब आकार लागत नाही. त्याला दुबळ्या हालचालीची खूण पुरते.

१४/
याच काळात एक गंभीर प्रश्नही पुढे आला. फ्रान्सिस डे या सर्जन-मत्स्यशास्त्रज्ञाने १८७३ साली गोड्या पाण्यातील मासेमारीवर सरकारला अहवाल दिला. पिल्लांसकट उपसा, बंधाऱ्यांतले सापळे आणि पाण्यात विष कालवणे यांमुळे मासे घटत असल्याची चिंता तेव्हा व्यक्त होत होती. १८९७ साली ‘इंडियन फिशरीज अॅक्ट’ आला. सुरुंगाने मासे मारणे गुन्हा ठरला. विष, चुना किंवा घातक पदार्थ पाण्यात टाकणेही गुन्हा ठरले. मात्र एका अटीवर. तो पदार्थ मासे पकडण्याच्या वा मारण्याच्या हेतूने टाकलेला असला पाहिजे. ‘हेतू’ हा शब्द लक्षात ठेवावा.

१५/
आता धागा पुन्हा कापडाकडे वळतो. १९०५ साली इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने नव्या प्रकारच्या रिळाचे पेटंट घेतले. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचे शहर, आणि इलिंगवर्थ त्याच व्यवसायातला. त्याआधीचे रीळ चाकासारखे फिरे. हलके आमिष फेकले तर ते चाक फिरवण्याइतका जोर त्यात नसे, आणि जोर जास्त झाला तर दोरीचा गुंता होई. इलिंगवर्थने रीळ स्थिर ठेवले आणि दोरी त्याच्या टोकावरून सुटू दिली. ही कल्पना त्याला गिरणीतल्या यंत्रांवरून सुचली, असे सांगितले जाते.

१६/
भिवंडीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. यंत्रमागाच्या धोट्यात कांडी असते. धोटा इकडून तिकडे धावतो; कांडी स्वतःभोवती फिरत नाही, तिच्या टोकावरून सूत सुटत जाते. म्हणूनच सूत तुटत नाही आणि अडकत नाही. आज खाडीकाठी हौशी माणसाच्या हातात जे ‘स्पिनिंग रीळ’ दिसते, ते मूलतः ही कांडीच आहे. कांडी नीट भरलेली नसेल, सूत सैल गुंडाळलेले असेल, तर माग अडतो. रिळावर दोरी सैल भरली असेल तर फेकताना अख्खा पुंजका एकदम सुटतो आणि सकाळ गुंता सोडवण्यात जाते. दोष एकच, उपायही एकच: ताण देऊन भरणे.

१७/
दुसरी क्रांतीही सुताचीच. १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्सच्या चमूने नायलॉन तयार केले. त्याआधी गळाजवळचा पारदर्शक तुकडा रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथींपासून ओढून काढत. तो आखूड असे आणि वापरण्यापूर्वी भिजवावा लागे. नायलॉनने ही अडचण संपवली. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत कोळ्यांची सुती आणि सणाची जाळीही नायलॉनची झाली, आणि यंत्रमागांवर कृत्रिम धागा चढला. १९९० च्या दशकापासून अत्यंत बळकट पॉलिथिलीन तंतूंचा गोफ विणून केलेली दोरी बाजारात आली. एकाच रसायनशास्त्राने साडी, जाळे आणि गळाची दोरी बदलली. जुने जाळे कुजून मातीत जाई. नवे जाळे खाडीच्या तळाशी राहते. त्याचाही हिशेब पुढे आहे.

१८/
खोट्या माशाच्या घडणीत पुढचे पाऊल फिनलंडमध्ये पडले. लौरी रापाला हा गरीब मच्छीमार तळ्यावर पाहत असे: शिकारी मासा लहान माशांच्या थव्यातून नेमका तोच निवडतो, जो किंचित लंगडत पोहतो. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडातून मासा कोरला, त्याला चॉकलेटच्या वेष्टनातला चंदेरी कागद चिकटवला, आणि छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यावर लेप दिला. तो खोटा मासा लंगडत पोहत असे. १९४९ साली अमेरिकेतील ओहायोत निक क्रीमने मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ बनवला. हालचाल आणि स्पर्श, दोन्ही आता खोटे करता येऊ लागले.

१९/
या दोहोंचा संगम कॅलिफोर्नियात झाला. तेथे १९५९ साली सॅन डिएगोच्या जलाशयांत फ्लोरिडाहून आणलेले, झपाट्याने वाढणारे बास सोडले गेले. त्याच भागातल्या अनेक तलावांत गळाच्या हौशीसाठी ट्राउट मासेही सोडत. बास ट्राउट खाऊन अगडबंब झाले. लहान आमिषाकडे ते ढुंकूनही पाहत नसत. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस काही हौशी लोकांनी हातभर लांबीचे, सांध्यांतून वळणारे, ट्राउटसारखे रंगवलेले मासे घडवले. हेच मोठे स्विमबेट. त्यांचे लहान, मऊ भाऊबंद जगभर पोहोचले. एक गंमत नोंदवावी: २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबु कुरिता याने १९३२ पासून अबाधित असलेल्या, सुमारे दहा किलोच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली, ती जिवंत माशाचे आमिष लावून.

२०/
खाडीत वापरले जाणारे स्विमबेट साधारण चार-पाच इंचांचे. शेपटीला चपटा, वल्ह्यासारखा पंखा. आमिष ओढले की पाणी त्या पंख्याच्या एका कडेवरून, मग दुसऱ्या कडेवरून सुटते आणि शेपटी डावी-उजवी हलत राहते. माशाच्या अंगावर, दोन्ही बाजूंना, कंपने टिपणारी एक रेषा असते. भिवंडीच्या खाडीचे पाणी गढूळ. तिथे डोळ्यांपेक्षा ही रेषा अधिक कामाची. म्हणून रंग कोणता यावर तासन्‌तास वाद घालण्यापेक्षा शेपटी नीट हलते की नाही हे काठाजवळच्या पाण्यात पाहून घेणे शहाणपणाचे. गळ मध्यरेषेवरून केसभर सरकला तरी खोटा मासा कलतो, गरगरतो, आणि दोरीला पीळ पडतो.

२१/
बाकी साधनांची निवडही पाणीच ठरवते. सात-आठ फुटांची ताठ काठी, कारण जिताडा लागताच तिवरांच्या मुळांकडे धावतो आणि त्याला पहिल्या काही क्षणांत वळवावे लागते. मुख्य दोरी गोफाची, बारीक आणि न ताणली जाणारी. तिच्या टोकाला हातभर जाड नायलॉन, कारण जिताड्याच्या कल्ल्यावरचे झाकण पात्यासारखे धारदार असते आणि गोफाची दोरी त्यावर घासताच तुटते. गळाच्या डोक्याचे शिसे भरतीच्या ओढीप्रमाणे: उधाणाला जड, भांगाला हलके. थॉमसने महसीरसाठी जे केले, तेच येथे घडते. परदेशी साधन स्थानिक पाण्याकडून पुन्हा शिकवले जाते.

२२/
आणि तरीही बहुतेक दिवस रिकामे जातात. शिसे चिखलात रुतते. गळ डोलीच्या खांबाला अडकतो. शिंगाळा किंवा चिंबोरी शेपटीचा पंखा तोडून नेते आणि उरलेला ठोकळा निर्जीवपणे परत येतो. जिताडा तोंड उघडून पाणी आत ओढतो तेव्हा दोरीला फक्त ‘टक्‌’ असा धक्का बसतो. हात घाईने उचलला तर खोटा मासा त्याच्या तोंडातून निसटतो, उशीर केला तर तो थुंकून टाकतो. पाण्याच्या वेळेला काम असते, आणि सुटीच्या दिवशी भांग पडलेली असते. या निराशा जगभर सारख्याच. भिवंडीच्या बाजूला मात्र त्यांत एक वेगळी निराशा मिसळते: गळाला पिशव्या, चिंध्या आणि टाकून दिलेल्या जाळ्यांचे तुकडे लागतात.

२३/
कामवारीच्या काठचे शहर सुतावर वाढले. विणकरांची वस्ती, हातमाग, मग यंत्रमाग. आणि त्यांच्याबरोबर खळ चढवणारे आणि रंगाई-धुलाई करणारे कारखाने. लक्षावधी माणसांचे पोट या धंद्यावर चालते. त्याला खलनायक ठरवणे हा इतिहास नव्हे. परंतु रंगाचे आणि शहराच्या सांडपाण्याचे काय झाले, हा प्रश्न विचारावाच लागतो. वरच्या अंगाला उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले आणि २०१५ साली लवादाने जबाबदार यंत्रणांना दंड ठोठावला. नदीचे हे सारे पाणी शेवटी त्याच खाडीत उतरते, जिथे जिताड्याची पिल्ले वाढायची असतात.

२४/
येथे १८९७ च्या कायद्यातला ‘हेतू’ आठवावा. त्या कायद्याला एकच गुन्हेगार दिसत होता: पाण्यात विष कालवून मासे गोळा करणारा गरीब माणूस. मासे मारण्याची कोणाचीच इच्छा नसताना, केवळ कापड रंगवताना वा गटार सोडताना मासे मरतील, ही शक्यता त्याच्या शब्दांत मावतच नव्हती. हेतूविना होणाऱ्या हानीला धरणारा देशव्यापी जलप्रदूषण कायदा यायला १९७४ साल उजाडले. मधल्या सत्त्याहत्तर वर्षांत गळाची दोरी बदलली, रीळ बदलले आणि आमिष प्लॅस्टिकचे झाले. साधन झपाट्याने शिकत गेले. पाण्याविषयीची समज रेंगाळली.

२५/
तिवरांच्या बाबतीतही हाच क्रम. खाजण म्हणजे ओसाड, भराव टाकण्याजोगी जागा, असे दीर्घकाळ मानले गेले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला मनाई करणारा आदेश दिला आणि २०१८ च्या निकालात ते संरक्षण पक्के केले. जिताड्याच्या दृष्टीने तिवरांची मुळे म्हणजे पाळणाघर आणि शिकारीचा आडोसा, दोन्ही. तिवरे गेली तर मोठ्यातला मोठा खोटा मासाही निरुपयोगी, कारण दबा धरायला जागा नाही आणि दबा धरणाराही नाही.

२६/
आता जिताड्याच्या त्या विलक्षण स्वभावाकडे परत यावे. मोठा जिताडा बहुधा मादी असतो. म्हणजे सर्वांत मोठा मासा घरी नेणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यातल्या असंख्य अंड्यांचा स्रोत उचलणे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याने म्हणूनच बारामुंडीसाठी दोन्ही बाजूंनी मर्यादा घातली: ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान नको आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही नको. खाडीकाठच्या हौशी माणसाला हा नियम कोणी लावण्याची वाट पाहावी लागत नाही. गळाची काटेरी नख चिमट्याने दाबून टाकली, मासा ओल्या हाताने धरला आणि लवकर पाण्यात सोडला, तर जगण्याची शक्यता वाढते. ज्याचे पोट या माशावर आहे त्या कोळ्याचा प्रश्न वेगळा. हौशीने आपला नियम त्याच्यावर लादू नये.

२७/
या साऱ्या कथेत सोमेश्वराची यादी पुन्हा डोळ्यांपुढे येते. जवळपास नऊशे वर्षांपूर्वी एका दरबाराने सुमारे ३५ जातींची नावे, त्यांचे खाद्य, त्यांची जागा टिपून ठेवली. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरनेही मासे आणि मासेमारीची दखल घेतली. आज कोणत्या कंपनीचे स्विमबेट कोणत्या साली आले याची माहिती क्षणात मिळते. भिवंडीच्या खाडीत कोणता मासा कोणत्या महिन्यात, कोणत्या वळणावर सापडत असे आणि आता सापडत नाही, ही माहिती मात्र केवळ कशेळी, काल्हेर, कोन यांसारख्या काठावरच्या गावांतील वृद्धांच्या आठवणीत आहे. तिला अध्याय नाही, गॅझेटियर नाही.

२८/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांसाठी येथे एक काम वाट पाहत आहे, आणि त्याला पुराभिलेखागाराची परवानगी लागत नाही. एखाद्या काठावरच्या गावी जाऊन माशांची जुनी नावे, जाळ्यांची नावे, भरतीचे हिशेब, शेवटचा मोठा जिताडा कुठे लागला त्या जागा, हे सारे तारखेसह लिहून ठेवावे. सांगणाऱ्याच्या संमतीने, त्याच्याच शब्दांत. नव्या काळाचा ‘मत्स्यविनोद’ राजाच्या दरबारात लिहिला जाणार नाही. तो अशा वह्यांतूनच जमेल.

२९/
लोकर गुंडाळलेल्या गळापासून वल्ह्यासारख्या शेपटीपर्यंत माणसाने माशाला फसवण्याची कला अठराशे वर्षे घासूनपुसून चोख केली. खोटा मासा आज जवळजवळ खऱ्यासारखा पोहतो. पण तो खरा ठरतो एकाच क्षणी: जेव्हा गढूळ पाण्यातून कोणीतरी त्याच्यावर विश्वास ठेवून झेपावतो. ती झेप यायची तर खाडीच्या मुखाशी खारे पाणी, आत तिवरे आणि मधली वाट मोकळी हवी. उधाणाच्या दिवशी, तिथीची पाऊणपट करून, भिवंडीच्या काठी उभा राहणारा माणूस दोरी आत ओढतो तेव्हा तो याच गोष्टीची चाचणी घेत असतो. दोरी मोकळी आली, तर चूक नेहमीच आमिषाची नसते.